माउसच्या टोकाशी अडलेला हयातीचा दाखला

गेल्या नोव्हेंबरात माझी मावशी बँकेच्या संकेतस्थळावर हयातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला बसली, तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होतो. मावशी न्यायालयात मराठी टंकलेखक म्हणून निवृत्त झाली. तीन वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या टप्प्याचे निदान झाले. संगणकावरचा पत्त्यांचा खेळ ती अजूनही रोज दुपारी खेळते आणि पत्ता उचलून हव्या त्या ओळीवर नेऊन ठेवण्यात तिची फारशी गफलत होत नाही. अर्जाच्या पानावर मात्र निराळेच घडले. ‘पुढे’ हे बटण तिला दिसत होते आणि ते दाबायचे आहे हेही तिला कळत होते. बाण बटणाच्या अलीकडे थांबला, तिने एकदा माझ्याकडे पाहिले, मग बाण बटणावर पोहोचला आणि तिने कळ दाबली. पण दाबण्याच्या जोराने माउस किंचित सरकला आणि कळ सुटेपर्यंत बाण कडेच्या बाहेर गेला होता. पान हलले नाही. तिने पुन्हा दाबले, आणि लागोपाठ दोनदा दाबले. पहिल्या दाबाने पुढचे पान उघडले, दुसरा दाब त्या पानावर नेमक्या त्याच जागी आलेल्या ‘अर्ज रद्द करा’ या बटणावर पडला, आणि पाऊण तास खपून भरलेली माहिती पुसली गेली. “थांब आई, मी करून देतो,” असे म्हणत मावसभावाने माउस आपल्याकडे घेतला. अर्ज पाच मिनिटांत भरून झाला. मावशी तोवर पदराने चष्मा पुसत बसली होती.

मावसभावाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. घरोघरी हेच होते. पण त्या पाऊण तासात मावशीला अर्ज समजला नव्हता असे एकदाही झाले नाही. ती अडली ती दाखवणे आणि दाबणे या क्रियेत. माझे म्हणणे असे आहे की या क्रियेत लागणारी मदत संगणकाने क्रियेच्या आतच, माणसाच्या हातातून माउस न काढता, दिली पाहिजे. आणि सार्वजनिक सेवेच्या बाबतीत ती दुकानदाराच्या मर्जीवर न सोडता प्रमाणकात लिहिली पाहिजे. हा मूठभरांचा प्रश्न नाही. ‘लासी-डॅड’ या देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. निदानापर्यंत न पोहोचलेले, नुकतेच विसरू लागलेले, ‘वयाप्रमाणे चालायचेच’ म्हणून सोडून दिलेले लोक याखेरीज. निवृत्तिवेतन, बँक, वीजबिल, दवाखान्याची वेळ या गोष्टी खिडकीवरून पडद्यावर सरकत असताना हीच माणसे पडद्यासमोर येत आहेत. हयातीचा दाखला डिजिटल पद्धतीने देण्याची ‘जीवन प्रमाण’ योजना नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, आणि रांगेत उभे राहण्याचे अनेकांचे हाल तिने खरोखरच वाचवले. रांग गेली याचे दुःख कोणालाच नाही. रांगेच्या शेवटी बसलेला कारकून मात्र ‘आजी, इथे सही करा’ म्हणून कागदावर बोट ठेवत असे, त्या बोटाची जागा पडद्यावर कोण घेणार, हे आपण ठरवलेले नाही.

क्लिक ही क्रिया आपल्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचे टप्पे जाणवत नाहीत. पॉल फिट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये माणसांना दोन पट्ट्यांवर आळीपाळीने धातूची काडी टेकवायला लावली आणि त्यातून एक सूत्र मांडले: लक्ष्य जितके दूर आणि जितके अरुंद, तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक, आणि ही वाढ अंतर व रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमनुसार होते. डग्लस एंगेलबार्टचा लाकडी माउस पुढे १९६४ मध्ये बनला, आणि १९७८ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी माउसलाही हेच सूत्र लागू पडते असे दाखवले. तेव्हापासून बटण केवढे असावे आणि कुठे असावे याची चर्चा याच सूत्राच्या आधारे होते. सूत्र भक्कम आहे. पण ते हात किती वेळात पोहोचेल एवढेच सांगते. आपण कशासाठी निघालो आहोत हे माणसाला वाटेत आठवत राहील, असे ते गृहीत धरते.

हालचालीकडे बारकाईने पाहिले तर तिचे दोन भाग दिसतात. आधी एक वेगवान झेप, जी बहुतेक अंतर एका दमात कापते. मग लक्ष्याजवळ पोहोचल्यावर डोळ्यांनी पाहत केलेल्या छोट्या छोट्या दुरुस्त्या. वय वाढते तशी पहिली झेप आखूड होते आणि दुरुस्त्या वाढतात. इथपर्यंत प्रश्न स्नायूंचा आणि दृष्टीचा आहे आणि मोठ्या बटणाने तो बराच सुटतो. आकलनक्षमता कमी होऊ लागली की आणखी काही मिसळते. बाण कुठे आहे हे शोधावे लागते, आणि शोधताना कुठे न्यायचा होता ते निसटते. हालचालींच्या मध्ये थांबे येतात. दाबल्यावर काय झाले हे ताडून पाहण्यात इतका वेळ जातो की पडद्यावर झालेला बदल मनात नोंदवला जाण्याआधीच बोट पुन्हा दाबलेले असते. मावशीच्या त्या दुसऱ्या दाबाला थरथरते हात कारणीभूत नव्हते. पहिला दाब लागू झाला की नाही, हे तिला वेळेत कळले नव्हते. विंडोजमध्ये दोन दाबांना डबल क्लिक मानण्याची मुदत मुळात अर्ध्या सेकंदाची असते. तरुण माणसालाही पुरेल इतकीच ही मुदत, आणि ती बदलता येते हे ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याला कधीच ठाऊक नसते.

मग ती पत्त्यांचा खेळ कसा खेळते? पत्ता दाबून धरायचा, धरलेला ठेवून ओढायचा, नेमक्या जागी सोडायचा, हे तर साध्या क्लिकपेक्षा कितीतरी अवघड काम. या कोड्याने मला बराच काळ छळले, आणि उत्तर खेळाच्या रचनेत सापडले. सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला आणि त्याची मांडणी मूळची तशीच आहे. गड्डी डावीकडे वर, चार रिकाम्या जागा उजवीकडे वर, सात ओळी खाली. लक्ष्य म्हणजे अख्खा पत्ता, अंगठ्याएवढा तरी मोठा. पत्ता ओळीच्या जवळपास सोडला तरी तो आपोआप जागेवर बसतो, म्हणजे बाणाच्या टोकाऐवजी अख्खा पत्ताच लक्ष्य पकडतो. चुकीच्या जागी सोडला तर तो मुकाट्याने परत जातो; लाल अक्षरांत दटावणी नाही, काही पुसले जात नाही. खेळलेली चाल मागे घेता येते. आणि विचार करायला बसले म्हणून खेळ बंद पडत नाही. बँकेच्या अर्जात यांतले एकही नव्हते.

संशोधकांनी याच गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी शोधल्या आहेत आणि त्या कालपरवाच्या नाहीत. टोकाऐवजी चौकोनी क्षेत्राने लक्ष्य पकडणारा कर्सर आणि चिन्हावर आल्यावर बाणाचा वेग कमी करणारी ‘चिकट’ चिन्हे, या दोन्हींची वयस्कर वापरकर्त्यांसाठी चाचणी १९९७ मध्येच झाली होती. कळ दाबल्यापासून सुटेपर्यंत बाण जागीच गोठवून ठेवण्याचे तंत्र २००६ मध्ये मांडले गेले. मावशीचा पहिला दाब त्याने वाचवला असता. मला सर्वांत सुज्ञ वाटते ती आयोवा विद्यापीठातील हुआन पाब्लो ऊरकादे आणि सहकाऱ्यांनी केलेली ‘पॉइंटअसिस्ट’ ही योजना. लक्ष्याजवळ होणाऱ्या त्या छोट्या दुरुस्त्यांवरून माणूस अडखळतो आहे हे ती ओळखते आणि तेवढ्यापुरता बाणाचा वेग कमी करते. अडखळणे थांबले की वेग पूर्ववत. कोणते बटण कुठे आहे हे तिला माहीत असावे लागत नाही, त्यामुळे ती कुठल्याही पानावर चालू शकते, आणि पडद्यावरची एकही वस्तू हलत नाही. आधी ती चार वर्षांच्या मुलांसाठी केली होती, नंतर वृद्धांसाठी तपासली. (म्हातारपणाला दुसरे बालपण म्हणायची आपल्याकडे सवय आहे. बाणाच्या वेगापुरते ते मान्य करू. पण म्हणून सत्तरीतल्या माणसापुढे हसरी अस्वले आणि ‘शाब्बास!’ असे फुगे आणणाऱ्यांनी आपली हौस आवरावी.)

यांतला प्रत्येक उपाय काहीतरी मागतो. बटणे मोठी केली की एका पडद्यावर कमी मावतात, एका पानाची तीन पाने होतात, आणि ज्याचा धागा दर पानाला सुटतो त्याच्यासाठी मोठ्या बटणांची तीन पाने लहान बटणांच्या एका पानापेक्षा वाईट ठरू शकतात. म्हणून ‘सगळे मोठे करा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही. बटण आहे तेवढे ठेवून त्याचे स्पर्शक्षेत्र वाढवणे, शेजारच्या बटणांत मोकळी जागा सोडणे आणि त्याहून आधी नको असलेली बटणे काढून टाकणे अधिक उपयोगी. क्षेत्राने पकडणाऱ्या कर्सरचा एक प्रकार असा आहे की बाण कुठेही असला तरी सर्वांत जवळचे लक्ष्य पकडलेलेच राहते. वेगाच्या दृष्टीने तो सरस आहे, पण मावशीसारख्यांसाठी मला तो धोक्याचा वाटतो. गोंधळलेला माणूस पुष्कळदा पानाच्या मोकळ्या भागावर दाबून पाहतो, जणू दारावर टकटक करावी तसे. आणि तिथे दाबल्यावर काहीच होत नाही, हीच त्या मोकळ्या भागाची उपयुक्तता असते. पडद्यावर निरुपद्रवी जागा उरली पाहिजे.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट आहे स्थैर्य. अल्झायमरच्या आजारात घटनांची स्मृती लवकर जाते, पण हाताने गिरवलेल्या कौशल्यांची स्मृती तुलनेने उशिरापर्यंत टिकते. कालचे जेवण आठवत नाही, पण भाकरी थापता येते. पेटीवर बोटे बसतात. मावशीला टंकलेखन यंत्राच्या कळफलकावर बसवले तर ‘अर्जदार’ हा शब्द ती न पाहता उठवते. याचा अर्थ असा की ज्या जागी बटण वर्षानुवर्षे आहे त्या जागी तिचा हात आपोआप जाईल, तिला का ते सांगता आले नाही तरी. आणि याचाच दुसरा अर्थ असा की दर सहा महिन्यांनी ‘नव्या रूपात’ सजणारे संकेतस्थळ तिच्याजवळ उरलेली सर्वांत विश्वासाची शिदोरी हिसकावून घेते. तरुण वापरकर्ता नव्या मांडणीवर चार दिवस कुरकुरतो आणि शिकतो. तिच्यासाठी शिकण्याची ती वाटच अरुंद झालेली आहे. मांडणी बदलण्याआधी जुनी मांडणी काही वर्षे निवडता येईल अशी ठेवणे हा खर्चिक लाड आहे असे संगणकवाले म्हणतील. एसटीच्या फाट्यावरचा थांबा हलवताना मात्र आपण गावाला आधी सांगतो.

टचस्क्रीनने हे सगळे मिटवले, असा एक समज आहे. डोळ्यांना दिसते तिथेच बोट ठेवायचे, हात इथे आणि बाण तिथे ही फारकत नाही, हे खरेच मोठे सुख आहे. पण कोरड्या बोटांना पडदा नीट प्रतिसाद देत नाही, म्हणून म्हातारी माणसे जोरात आणि लांब दाबतात; लांब दाबणे म्हणजे फोनच्या भाषेत वेगळीच आज्ञा, त्यामुळे चिन्हे थरथरू लागतात आणि एखादे पुसलेही जाते. कडेवरून बोट सरकवण्याच्या खुणा पडद्यावर दिसतच नाहीत. न दिसणारी गोष्ट आठवावी लागते, आणि आठवणे हेच तर अवघड झालेले असते. दाबण्याची किमान मुदत ठरवणे, लागोपाठचे स्पर्श दुर्लक्षित करणे अशा सोयी आजच्या फोनमध्ये आहेत. ॲपलने २०२३ मध्ये आकलनक्षमतेच्या अडचणींसाठी वेगळा साधा पडदाही आणला. पण या सोयी सेटिंग्जच्या चौथ्या-पाचव्या थरात असतात आणि तिथपर्यंत जायला जी चपळाई लागते, ती असलेल्या माणसाला त्यांची गरज नसते.

दुसरा समज आवाजाचा. ‘आता बोलून सगळे होणार, दाखवायचे कशाला?’ बोलण्यासाठी काय हवे ते आधी मनात जुळवावे लागते आणि त्याचे नाव आठवावे लागते. दाखवण्यासाठी समोर असलेले फक्त ओळखावे लागते. ‘ते… ते दे ना, ते’ असे म्हणत मावशी बोट करते तेव्हा शब्द गेलेला असतो, पण बोट बरोबर चिमट्याकडेच असते. तान्हे मूल पहिला शब्द बोलण्याआधी बोट दाखवू लागते, आणि शब्द निसटू लागले की उतारवयातही माणूस त्याच खुणेकडे वळतो. आवाजाची सोय जरूर असावी, पण तिच्या भरवशावर दाखवण्याची वाट बुजवणे म्हणजे चालणाऱ्याची काठी काढून त्याला शिट्टी देणे होय. आणि ‘पुढची पिढी संगणकावरच वाढली आहे, तिला हा त्रास होणार नाही’ या युक्तिवादात तर सवय आणि आजार यांची सरमिसळ आहे. मावशीने आयुष्यभर यंत्रावर बोटे चालवली. तिला सवय नव्हती असे कोण म्हणेल?

आता प्रमाणकांकडे येऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या परिशिष्टात दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार आहेत. स्मृतिभ्रंश त्यात नावाने नाही. माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे ही जबाबदारी कलम ४२ शासनावर टाकते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी यांच्या प्रकरणात सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीवजा असू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे बजावले. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांच्या याचिकेवर, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असा निर्वाळा दिला. त्या याचिकेत प्रश्न पापणी मिचकावून दाखवा असे सांगणाऱ्या ओळखपडताळणीचा होता. मिचकावण्याच्या अटीला जर घटनेच्या पातळीवर आव्हान देता येते, तर एका अरुंद बटणावर न सरकता कळ दाबण्याच्या अटीला का देता येऊ नये?

अडचण अशी की आपली मोजपट्टीच इथे तोकडी आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे जागतिक वेब सुगम्यता निर्देशांच्या २.१ या आवृत्तीच्या ‘डबल-ए’ या मधल्या पातळीवर बेतलेली आहेत. त्या आवृत्तीत बटणाच्या आकाराची ४४ पिक्सेलची अट आहे, पण ती ‘ट्रिपल-ए’ या वरच्या पातळीवर. म्हणजे ‘डबल-ए’ गाठू पाहणाऱ्याला बटण केवढेही ठेवायला मोकळीक. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीने ‘डबल-ए’ पातळीवर किमान २४ पिक्सेल, काही अपवादांसह, बंधनकारक केले; इंचाला ९६ या हिशेबाने तो जेमतेम पाव इंच होतो. त्याच आवृत्तीने ओढून करायच्या प्रत्येक कामाला साध्या क्लिकचा पर्यायही मागितला आहे, आणि ओळख पटवण्यासाठी केवळ स्मरणशक्तीवर किंवा कोडी सोडवण्यावर भिस्त ठेवू नये असेही सांगितले आहे. आपण निदान या आवृत्तीवर तातडीने यावे, आणि निवृत्तिवेतन, बँक, आरोग्य यांच्या पानांसाठी पाव इंचावर समाधान न मानता ४४ चीच अट घालावी. त्यासोबत आणखी दोन गोष्टी निविदेत लिहिता येतील. एक, नवे पान उघडल्यावर पहिला क्षणभर कोणताही दाब लागू होऊ नये आणि मागच्या पानावर ‘पुढे’ जिथे होते तिथे या पानावर ‘रद्द’ येऊ नये. दोन, परत न फिरवता येणारी कृती काही मिनिटे, शक्य तिथे काही तास, मागे घेता यावी. ‘आपली खात्री आहे का?’ असा प्रश्न विचारून जबाबदारी झटकता येत नाही. मावशी त्यावर नेहमीच ‘होय’ दाबते, कारण मोठ्या माणसांनी विचारले की होय म्हणावे असे तिला वाटते.

या मागण्यांत एक धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. माणूस अडखळतो आहे हे ओळखणारे तंत्र, तो का अडखळतो याचाही अंदाज बांधू शकते. अमेरिकेत ऑरेगन राज्यातील संशोधकांनी २०१५ मध्ये वृद्धांच्या घरच्या संगणकांवरील माउसच्या हालचाली अभ्यासल्या आणि सौम्य बोधऱ्हास, म्हणजे स्मृतिभ्रंशाइतकी न वाढलेली आकलनाची घट, असलेल्यांच्या हालचालींत अधिक लांब थांबे आणि अधिक अनियमितता आढळली. वैद्यकीय दृष्ट्या हे आशादायक आहे. पण हेच मोजमाप एखाद्या विमा कंपनीच्या किंवा कर्ज देणाऱ्या ॲपच्या हाती गेले, तर निदान डॉक्टरच्या आधी त्यांच्याकडे पोहोचेल, आणि ज्याचे निदान झाले त्याला ते कधी कळणारही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमतीची तरतूद आहे. पण बाण कसा हलला याची नोंद आपण कोणाला देतो आहोत, हे संमतीच्या चौकटीवर टिचकी मारताना कोणाच्या ध्यानात येते? म्हणून अट सोपी हवी: अडखळणे त्या संगणकातच ओळखले जावे, त्याच क्षणी मदत व्हावी, आणि त्याची नोंद यंत्राबाहेर जाऊ नये. बाणाचा वेग कमी करायला कोणत्याही सर्व्हरची गरज लागत नाही.

चाचणीचा भाग तर अजून सुरूच झालेला नाही. संकेतस्थळ सुगम्य आहे की नाही हे आज मुख्यतः तपासणी करणारी संगणकप्रणाली आणि काही प्रशिक्षित परीक्षक ठरवतात. स्मृतिभ्रंश असलेला माणूस त्या खुर्चीत बसलेला मी ऐकलेला नाही, आणि बसवलाच तर प्रश्नांची उत्तरे शेजारी बसलेले नातेवाईक देतात. मीही तेच केले होते. यंदाच्या नोव्हेंबरसाठी मी मावशीच्या संगणकावर बाण मोठा करून त्याचा वेग कमी केला, डबल क्लिकची मुदत वाढवली, आणि हे सगळे तिला न विचारता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पत्ते जड झालेत म्हणाली, पूर्वीसारखे करून दे.